कारखानदारीची पदवी : आईबापांनीं विचारावयाचे पांच प्रश्न

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी तहसील कचेरींतील दप्तरें चाळण्यांत गेली. शिक्षण म्हणावें तर मराठी शाळेंतलें, इंग्रजी बेताचीच. अशा मनुष्यानें अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्येविषयीं लिहावें हें कित्येकांस धाडस वाटेल, व तें वाटणें साहजिकहि आहे. परंतु ज्या विद्येची किंमत शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढते, त्या विद्येबद्दल सातबारा वाचणाऱ्यानें दोन शब्द लिहिले तर तो अनधिकार होऊं नये, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

सातबाऱ्यावरील 'इतर अधिकार' ह्या रकान्यांत कोणाचा बोजा चढला व कोणाचा उतरला ह्यावरून गांवाची स्थिति कळते. माझ्या नोकरीच्या आरंभीं बोजाचें कारण विचारलें असतां विहीर, इंजिन, बैलजोडी, पुढें पाइपलाइन, ट्रॅक्टर अशीं उत्तरें मिळत. हल्लीं कागदावर कारण पुष्कळदां शेतीचेंच असतें; पण शेतकरी कचेरीच्या बाकावर बसून मोकळेपणीं बोलूं लागला म्हणजे कळतें कीं, पैसा मुलाच्या अथवा मुलीच्या फीकडे गेला आहे. ह्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. विहिरीवर खर्च करणें आणि मुलावर खर्च करणें हीं दोन्ही शहाणपणाचींच कामें आहेत. फरक एवढाच कीं, विहीर खणण्यापूर्वीं आपण पाणाड्या बोलावतों, शेजारच्या विहिरीचें पाणी पाहतों, कातळ किती हातांवर लागेल ह्याची चौकशी करतों. आणि मूल महाविद्यालयांत घालतांना मात्र 'फी किती व पुढें पगार किती' ह्या दोन प्रश्नांपलीकडे जात नाहीं. चार वर्षांनीं त्याच्या हातीं कोणतें काम येणार, हें विचारणारे आईबाप मला अजून भेटावयाचे आहेत.

अभियांत्रिकीच्या शाखा पुष्कळ. त्यांपैकीं कारखान्यांत वस्तु घडविण्याची जी शाखा, जिला उत्पादन अभियांत्रिकी अथवा अलीकडे मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, तिच्यापुरताच हा लेख आहे. तीच कां निवडली, तर तिचा व आपला संबंध दुहेरी आहे. एक तर आपलीं मुलें तिच्यांत जातात. आणि दुसरें असें कीं, तीं मुलें जें घडवितील त्यांपैकीं बरेंचसें, म्हणजे नांगराचा फाळ, पंप, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर, मळणीयंत्र, अखेर आपल्याच बांधावर येतें. पदवीधर कच्चा निघाला तर आपण दोनदां नाडले जातों. एकदां आईबाप म्हणून व एकदां गिऱ्हाईक म्हणून.

शेती आणि ही विद्या ह्यांचें नातें आजचें नव्हे. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या संस्थेंतून वाढलें ती १८५४ सालीं निघाली. १८७९ सालीं शेतकीचा वर्गहि तेथेंच सुरू झाला, व पुण्याचें शेतकी महाविद्यालय त्यांतूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं वेगळें झालें. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं स्थापन झाली. तेथें यांत्रिक रेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगांवास गेले, १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर केला, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडी फाळानें जमिनींत विष भिनेल अशी त्या वेळच्या पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत व्याख्यानांनीं जाण्यासारखी नव्हती. शेतांत नांगर चालला तेव्हां ती गेली. रेखन जाणणारें डोकें आणि धातु जाणणारा हात एके ठिकाणीं आले, म्हणून तो नांगर झाला. ह्या विद्येची सगळी परीक्षा ह्या एका गोष्टींत आहे.

आतां पदवीधराकडून कागदोपत्रीं काय अपेक्षा केली जाते तें पाहूं. आपल्या देशांत अशा अभ्यासक्रमांची पारख करून त्यांस मान्यता देणारें नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन हें मंडळ १९९४ सालीं स्थापन झालें; आणि पदव्यांची योग्यता परस्परांनीं मानण्याचा जो वॉशिंग्टन करार, त्याचा भारत २०१४ सालीं ह्याच मंडळाच्या द्वारें पूर्ण सभासद झाला. पदवीधराच्या अंगीं कोणते गुण असावेत हें मंडळानें पुष्कळ वर्षें बारा कलमांत सांगितलें : विषयाचें ज्ञान, प्रश्नाची फोड, रचना, शोधक तपासणी, आधुनिक साधनांचा वापर, समाजाविषयींची जबाबदारी, पर्यावरणाची काळजी, नीति, चार जणांत मिळून काम करणें, नीट बोलणें व लिहिणें, कामाची व खर्चाची व्यवस्था, आणि जन्मभर शिकत राहण्याची तयारी. अमेरिकेंतील ॲबेट हें मंडळ ह्या शाखेपुरतें आणखी नेमकें बोलतें. धातु व इतर पदार्थ आणि ते घडविण्याच्या रीती, वस्तु व तिच्या जोडणीची योजना, धंद्याच्या चढाओढींत टिकण्याचा विचार, एकंदर कारखान्याची रचना, आणि प्रयोगशाळेंत अथवा कारखान्यांत घेतलेला प्रत्यक्ष अनुभव, एवढें तें मागतें.

कलमें उत्तम आहेत. त्यांत काढून टाकावें असें कांहीं नाहीं. परंतु महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष वहिवाट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्षेत्र चाळीस गुंठे लिहिलें म्हणून बांध तेथेंच सांपडेल असें नाहीं. मोजणी करावी लागते. ह्या बारा कलमांची मोजणी आमच्या घरीं कशी झाली तें सांगतों.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा ह्या शाखेची पदवी घेऊन घरीं आला, तेव्हां मृग निघालेला होता. दीड एकर तारण ठेवून त्यास शिकविलें होतें. पेरणीच्या ऐन घाईंत पेरणीयंत्राचा आडवा दांडा बेअरिंगपाशीं झिजून खेळूं लागला व बीं एकसारखें पडेना. दादा म्हणाले, "अरे, तूं ह्यांतलाच ना ? बघ जरा." मुलगा उत्साहानें दांडा घेऊन तालुक्याच्या गांवीं लेथवाल्याकडे गेला, मीहि बरोबर होतों. लेथवाला आय. टी. आय. मध्यें शिकलेला, चाळिशीचा मनुष्य. त्यानें अदबीनें तीन प्रश्न विचारले. "साहेब, नवा दांडा कोणत्या पोलादाचा करूं ? बेअरिंगची बैठक किती घट्ट ठेवूं ? आणि बैठकीच्या जागीं पाणी द्यावयाचें कीं नाहीं ?" मुलगा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला, पण तिन्ही प्रश्नांस त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. लेथवाल्यानें कसलीहि कुचेष्टा न करतां आपल्या अनुभवानें दांडा करून दिला, व दुसऱ्या दिवशीं पेरणी पार पडली. रात्रीं जेवतांना दादांनीं एवढेंच विचारलें, "त्या लेथवाल्यास शिकावयास किती रुपये पडले असतील रे ?" त्यावर घरांत कोणी बोललें नाहीं.

मागाहून ओसरीवर मुलानें मला सर्व सांगितलें. चार वर्षांत लेथपाशीं उभें राहण्याची पाळी पहिल्या वर्षीं कांहीं थोडे वेळां आली, आणि तेव्हांहि काम वर्कशॉपमधील मदतनिसानेंच पुरें करून दिलें. संगणकावर चालणारें यंत्र होतें, परंतु तें तपासणीच्या दिवसाखेरीज आच्छादनाखालींच असे. प्रयोगांच्या वह्या मागील वर्षींच्या वह्यांवरून उतरविल्या जात. महाविद्यालयाचें नांव मी लिहीत नाहीं. कारण हा दोष तेवढ्या एकाच ठिकाणीं असेल असें मला वाटत नाहीं. मुलास दोष देण्यासहि मी तयार नाहीं. त्यास जें शिकविलें तें तो शिकला. चुकलों आम्ही, कारण आम्हीं विचारलेंच नाहीं. म्हणून त्यानंतर जाणत्या लोकांस, विशेषतः त्या लेथवाल्यास, पुसून पुसून जे पांच प्रश्न मीं जमविले, ते वाचकांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न : धातु ओळखतां येतो काय ? रोटाव्हेटरचें पातें घ्या. तें फार कठीण असलें तर दगडावर लागतांच मोडतें. फार मऊ असलें तर एका हंगामांत झिजून अर्धें होतें. आपला लोहार कोयत्यास पाणी देतो तीच क्रिया कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर करतात. पोलाद लाल तापवून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें म्हणजे तें कठीण होतें, पण त्याबरोबर कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हां बेतानें तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. शिवाय सगळेंच पोलाद पाणी घेत नाहीं. ज्यांत कार्बनचें प्रमाण शेंकडा पाव भागाहूनहि कमी, तें कितीहि बुडविलें तरी म्हणावें तसें कठीण होत नाहीं. दुकानांत एकाच लाल रंगांत रंगविलेलीं दोन पातीं टांगलेलीं असतात. त्यांतील भेद रंगाखालीं असतो. पदवीधरास धातूची जात, त्यास दिलेली आंच आणि त्यापासून घ्यावयाचें काम ह्या तिहींचा मेळ घालतां आला पाहिजे, आणि पातें मोडून हातीं आलें तर तें कां मोडलें हें मोडलेल्या जागेकडे पाहून कांहीं अंशीं तरी सांगतां आलें पाहिजे.

दुसरा प्रश्न : माप घेतां येतें काय ? ६२०५ क्रमांकाचें बेअरिंग आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. त्याचा आंतील व्यास २५ मिलिमीटर, बाहेरील ५२ आणि रुंदी १५. हें दांड्यावर पक्कें बसावें म्हणून दांडा नुसता 'पंचविसाचा' करून भागत नाहीं. रूढ असलेल्या एका बैठकीप्रमाणें तो २५ मिलिमीटरांहून २ ते १५ मायक्रॉन जाड हवा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या डोक्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरतात. दांडा बारीक राहिला तर बेअरिंगचें आंतलें कडें त्यावर घसरून दांडा खातें. फार जाड झाला तर कडें ताणलें जाऊन गोळ्या आवळतात व बेअरिंग तापतें. नेहमींचा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन, इतकेंच बारीक माप दाखवितो. अर्थात् ह्या कामीं तो आंधळा होय. तेथें मायक्रोमीटर पाहिजे, आणि तो किती आवळावा हें बोटांस कळलें पाहिजे. बोल्टाचेंहि तसेंच. १२ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांत १.७५ मिलिमीटर अंतर असतें. जुन्या अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टास इंचांत १२ आटे, म्हणजे अंतर दोन मिलिमीटरांहून अधिक. दिसावयास दोघे सख्खे भाऊ; पण एकाचा नट दुसऱ्यावर जबरीनें चढविला कीं दोघांचेहि आटे जातात. बांधाच्या हातभर फरकावरून वर्षानुवर्षें दावे चाललेले मीं पाहिले आहेत. यंत्रांतील दावा केसाच्या पांचव्या हिश्शावरून चालतो, आणि त्याचा निकाल ऐन पेरणींत लागतो.

तिसरा प्रश्न : पहिला नग आणि दहाहजारावा नग सारखा काढतां येतो काय ? गांवचा कसबी सुतार एक तिफण अशी करील कीं पाहत राहावें; पण तिचा मोडलेला भाग दुसऱ्या तिफणीस चालणार नाहीं. कारखान्याची खरी करामत सारखेपणांत आहे. त्यासाठीं कोणतें काम आधीं व कोणतें मागून, भोंक पाडतांना नग कोठें टेकवून धरावा, किती नगांनंतर हत्यार बदलावें, हें सर्व आधीं योजावें लागतें. प्रत्येक नग तपासणें बहुधा परवडत नाहीं. म्हणून कांहीं नग निवडून मोजावयाचे, आणि मापें हळूहळू एका बाजूस सरकूं लागलीं कीं खराब माल निघण्यापूर्वींच यंत्र थांबवावयाचें. अमेरिकेंत वॉल्टर शूहार्ट ह्यांनीं १९२४ सालीं ह्यासाठीं आलेखाची युक्ति काढली, व ती आजहि जगभर चालते. हें गणित आपणांस अगदीं परकें नाहीं. पीक कापणी प्रयोगांस मी पुष्कळदां हजर राहिलों आहें. मर्जीप्रमाणें शेत न निवडतां नियमानें निवडावें लागतें, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आंखून तेवढेंच पीक कापतात, व अशा थोड्या तुकड्यांवरून साऱ्या भागाचा उतारा अजमावतात. ही रीत शास्त्रशुद्ध करण्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे ह्यांचा मोठा वांटा आहे. रस्त्याकडेचीं चांगलीं कणसें निवडून उतारा काढणारा जसा फसतो, तसाच पेटींतील वरवरचे चार नग उचलून माल पास करणारा पदवीधर फसतो. आणि त्याची फसगत आपल्या गळ्यांत पडते.

चौथा प्रश्न : हिशेब आणि दुरुस्ती ह्यांचा विचार करतां येतो काय ? उदाहरणापुरता एक सांचा दोन लाख रुपयांचा धरा. त्यांतून दहाच नग काढले तर प्रत्येक नगावर सांच्याचेच वीस हजार बसतात. दहा हजार काढले तर वीस रुपये बसतात. म्हणून थोड्या नगांस एक रीत व पुष्कळ नगांस दुसरी. उभ्या यंत्रावरहि व्याज चढतच असतें, हें छपरांत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरून आपणांस कळतेंच. परंतु कारखान्याचा हिशेब पुरा झाला म्हणजे काम पुरें झालें असें नव्हे. ज्यास वस्तु वापरावयाची त्याचा हिशेब त्यापुढें सुरू होतो. वाफसा चार दिवसांचा. आणि सुटा भाग आठ दिवसांनीं आला, तर त्या भागाची किंमत शंभर रुपये नसून सबंध पेरणी होय. झिजणारा भाग दोन बोल्ट काढून बांधावरच बदलतां येईल अशा जागीं ठेवणें, हें डौलदार रंगापेक्षां मोठें कौशल्य आहे.

पांचवा प्रश्न : यंत्राशीं राबणाऱ्या माणसाची जाणीव आहे काय ? मळणीयंत्रांत हात जाऊन होणाऱ्या अपघातांची गोष्ट कोणास नवी नाहीं. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा देशांत १९८३ सालीं करावा लागला, तो मुख्यतः ह्याच अपघातांमुळें. यंत्राचें तोंड पुरेसें लांब व वरून झांकलेलें असलें तर रात्रपाळीला थकलेल्या मजुराचा हात दात्यांपर्यंत पोहोंचत नाहीं. हातभर पत्रा वांचवून मजुराचा हात घालविणें ह्यास काटकसर म्हणत नाहींत. बारा कलमांत ज्यास नीति म्हटलें आहे ती कारखान्यांत अशा पत्र्याच्या तुकड्यांत असते. आणि समजूतदारपणाचें दुसरें अंग असें कीं, यंत्रापाशीं आठ तास उभा राहणारा फिटर अथवा कामगार काय म्हणतो तें पदवीधरास ऐकतां आलें पाहिजे. आमच्या मुलास लेथवाल्याचे तीन प्रश्न हाच त्याच्या शिक्षणांतील उत्तम पाठ होता. तो चार वर्षें उशिरां मिळाला एवढेंच.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आतां सर्व काम संगणक व यंत्रमानव करतात, तेव्हां हातकामाचा आग्रह जुनाट आहे. नवीं साधनें अवश्य शिकावींत. तीं न शिकणारा मागें पडेल ह्यांत संशय नाहीं. परंतु संगणकावर चालणारा लेथ सांगितलेल्या मापाचा दांडा कातून देतो. पोलाद कोणतें घ्यावें व माप किती ठेवावें, हें सांगणारा माणूसच लागतो. चुकीचें माप दिलें तर तें यंत्र चुकीचे दांडे अधिक वेगानें काढील, इतकेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, महाविद्यालयानें तत्त्वें शिकवावींत. बाकीचें कारखान्यांत गेल्यावर आपोआप येतें. ह्यांत अर्धें सत्य आहे. कोणत्या कारखान्याचें कोणतें यंत्र कसें चालतें हें तेथेंच शिकावें लागणार. ह्यासाठींच १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, व १९७३ च्या दुरुस्तीनें पदवीधर आणि पदविकाधारक ह्यांसहि त्यांत जागा मिळाली. पण पोहणें नदींत शिकावयाचें म्हणून मुलास पाण्याची ओळखच करून द्यावयाची नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. माप घेणें, धातु पारखणें व मोडलेल्या भागाचें कारण शोधणें हीं कारखान्याच्या दारांत पाऊल ठेवण्यापूर्वींचीं कामें आहेत. आणि ज्यास तीं येत नाहींत त्यास कारखानदार दारांत उभा करीत नाहीं.

महाविद्यालयांस बोल लावतांना आपल्याकडेहि पाहिलें पाहिजे. मुलगा तेलकट कपड्यांनीं घरीं आला कीं आपणांसच कमीपणा वाटतो. ह्याच पुतण्यास तो पहिल्या वर्षांत असतांना, वर्कशॉपमधून काळ्या हातांनीं आलेला पाहून, "साहेब व्हावयास गेलास कीं हेल्पर ?" असें मी चार लोकांत हंसून बोललों होतों. त्यानंतर तो वर्कशॉपच्या तासास हात राखून वागूं लागला, असें त्यानें मला पुढें सांगितलें. आयुष्यभर पांढरे कपडे घालून दप्तरें चाळणाऱ्या कारकुनाचें तें बोलणें होतें. पण मातींत हात घालून पोट भरणाऱ्या आमच्या घरांत तें कोणासच खटकलें नाहीं, ह्याचें मला आज अधिक वाईट वाटतें.

तेव्हां करावें काय ? प्रवेशाच्या दिवसांत आईबापांनीं दरवाज्यावरील फलक पाहून परत न येतां वर्कशॉप पाहावयास मागावें. यंत्रांवर धूळ आहे कीं तेल, हें पाहण्यास इंग्रजी लागत नाहीं. एका लेथपाशीं किती विद्यार्थी उभे राहतात, मायक्रोमीटर पेटींत आहेत कीं हातांत, शेवटल्या वर्षांतील मुलांनीं स्वतः घडविलेली एक तरी वस्तु दाखवितां येते काय, आणि मुलें कारखान्यांत किती महिने काढतात, हें विचारावें. वरील पांच प्रश्न शेवटल्या वर्षांतील एखाद्या विद्यार्थ्यासच विचारले तर सर्वांत उत्तम.

आपल्या संघानेंहि एक गोष्ट करण्यासारखी आहे. दर हंगामाच्या शेवटीं मोडलेलीं पातीं, झिजलेले दांडे, फुटलेले पंपाचे पंखे आपण भंगारांत घालतों. ते सभासदांकडून गोळा करून, कोणत्या जमिनींत, किती तास चालून मोडले ह्याच्या चिठ्ठीसह जवळच्या महाविद्यालयास द्यावे, व तेथील विद्यार्थ्यांनीं ते कां मोडले हें शोधून पुढील हंगामापूर्वीं आपणांस सांगावें. त्यांस शेवटल्या वर्षाच्या प्रकल्पासाठीं खरा विषय मिळेल, आणि आपणांस खरेदीच्या वेळीं दुकानदारास काय विचारावें तें कळेल. ह्यास फारसा पैसा लागत नाहीं. एक पोतें, एक वही आणि थोडी चिकाटी पुरे.

पुतण्याची हकीकत अपुरी ठेवूं नये म्हणून सांगतों. त्या पेरणीनंतर तो लाज सोडून त्याच लेथवाल्याकडे चार महिने बिनपगारी उभा राहिला. मग एका कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून लागला व आतां तेथेंच तपासणीच्या कामावर कायम झाला आहे. गेल्या खंडेनवमीस त्यानें कोयते, विळे व नांगर ह्यांच्या ओळींत आपला मायक्रोमीटर ठेवला, आणि दादांनीं त्यासहि हळदकुंकू वाहिलें. दीड एकरावरील बोजा मात्र अद्यापि उतरावयाचा आहे. जें ज्ञान शेवटीं एका लेथच्या दुकानांत मिळालें, तें चार वर्षें फी भरून कां मिळालें नाहीं, हा दादांचा प्रश्न अजून उभाच आहे. त्याचें उत्तर मला देतां येत नाहीं. परंतु ज्यांच्या घरचें मूल येत्या वर्षीं जावयाचें आहे, त्यांनीं तो प्रश्न फी भरण्यापूर्वीं विचारावा, एवढीच विनंती. चूकभूल द्यावी घ्यावी.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून